भाऊ महाजनांना कोणत्या अक्षराखाली बसवायचे?

लेख परत आला तेव्हा मी अंतर्गत परीक्षेचे गठ्ठे तपासत होते. ईमेल जेमतेम चार ओळींचा. विषयाबद्दल, मांडणीबद्दल एक शब्द नाही. संदर्भ नियतकालिकाच्या पद्धतीनुसार नाहीत, 'शिकागो' या संदर्भशैलीच्या लेखक-वर्ष पद्धतीने करून पाठवा, मग परीक्षकांकडे देऊ, एवढेच. संतापच आला. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वृत्तपत्रांत वाचकांनी लिहिलेल्या पत्रांवर मी दोन वर्षे घालवली होती, आणि यांचा जीव स्वल्पविरामात अडकलेला! दिवाळीची सुट्टी तोंडावर होती. फराळाचे बघता बघता आठवडाभरात उरकेल म्हटले. तीन आठवडे लागले, आणि चकल्या विकतच्या आणाव्या लागल्या.

पहिली गाठ पडली 'तत्रैव'शी, म्हणजे 'वरच्याच ग्रंथात' या खुणेशी. आम्ही पीएचडी केली ती तळटीपांवर. एकदा ग्रंथाचा सगळा तपशील द्यायचा आणि मग खाली 'तत्रैव, पृ. ४१', 'तत्रैव, पृ. ५७' अशी रांग लावायची. दिसायला भारदस्त. पण लेख वाचून कुणी काही सुचवते, आपण मध्येच एक नवी टीप घुसवतो, आणि खालचे 'तत्रैव' गुपचूप भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटतात. माझ्या लेखात असे सहा निघाले. लेखक-वर्ष पद्धतीत दर वेळी कंसात आडनाव, साल आणि पृष्ठ लिहावे लागते. कंटाळवाणे आहे, पण निदान कोण कुणाला चिकटलेय ते दिसते.

मी हे सगळे हाताने करतेय हे कळल्यावर एक माजी विद्यार्थी घरी आला. "मॅडम, असं कुणी करतं का आता? झोटेरो घ्या, फुकट आहे." त्याने संदर्भ जमवून त्यांची सूची करणारे ते सॉफ्टवेअर लॅपटॉपवर बसवून दिले, वर्डला जोडून दिले, आणि ब्राउझरमधले बटण दाबले की पुस्तकाची माहिती कशी आपोआप आत येते ते दाखवून चहा पिऊन गेला. तो असेपर्यंत सगळे सुरळीत चालले होते.

मग मी जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती एकेक करून आत ओढल्या. संदर्भसूची काढून बघते तर एका लेखकाची चार पुस्तके. नाव : 'अव्हेलेबल, नॉट'. ज्या डिजिटल प्रतींवर लेखकाच्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असे इंग्रजीत लिहिले होते, त्यांचे झोटेरोने इमानेइतबारे आडनाव आणि नाव पाडले होते. तेव्हापासून एक नियम केला. बटणावर आलेली कोणतीही नोंद मुखपृष्ठ उघडून पडताळल्याशिवाय ठेवायची नाही. एकूण ६३ नोंदी होत्या. जशीच्या तशी ठेवता येईल अशी त्यात एकही नव्हती.

रोमन लिपीतल्या नावांनी तर वात आणला. मोठ्या ग्रंथालयांच्या तालिकांत प्रत्येक अक्षरातला 'अ' राखून लिप्यंतर करतात. त्यामुळे वि. का. राजवाडे तिथे 'विश्वनाथा काशीनाथा' होतात, अंगणातून कुणी हाक मारावी तसे. दुसरीकडे इंग्रजी पुस्तकांत त्यांच्याच आडनावाची दोन-तीन स्पेलिंगे. मी शेवटी ठरवले की व्यक्तीचे नाव रूढ इंग्रजी स्पेलिंगने, पुस्तकाचे शीर्षक मात्र नेमका उच्चार दाखवणाऱ्या खालच्या-वरच्या चिन्हांसह, आणि ही निवड पहिल्या टिपेत सांगून टाकायची. ते संपादकांना चालले. आणखी एक उपद्रव. शिकागो शैलीत इंग्रजी शीर्षकातल्या मुख्य शब्दांची आद्याक्षरे मोठी होतात, आणि झोटेरो तोच न्याय मराठी शीर्षकांनाही लावत होता. दोन संध्याकाळी मी ती अक्षरे हाताने लहान करत बसले, आणि फाइल ताजी झाली की ती पुन्हा मोठी. उपाय कळला तेव्हा कपाळावर हात मारला. प्रत्येक नोंदीत भाषेचा एक रकाना असतो, त्यात मराठीची खूण म्हणून 'एम' आणि 'आर' ही दोन अक्षरे भरायची. मग ते शीर्षकाला हात लावत नाही.

खरा वेळ गेला तो दोन प्रश्नांत, आणि त्यांची उत्तरे कोणतेही सॉफ्टवेअर देत नाही. एक, हे साल कुठले? जुन्या पुस्तकांवर शके असतो. मी सवयीने त्यात ७८ मिळवत गेले होते. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे जानेवारी उजाडला की ७९ मिळवावे लागतात. शके १७७० च्या माघातली एक पुस्तिका मी १८४८ सालची म्हणून दिली होती. ती १८४९ ची. आणि माझा सगळा युक्तिवाद काय आधी छापले आणि काय नंतर, यावरच उभा! सुदैवाने तो कोसळला नाही. एक परिच्छेद मात्र नव्याने लिहावा लागला.

दुसरा प्रश्न, हा माणूस कोण? लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, हे शाळेतली पोरेही सांगतील. त्यांना मी टोपणनावाखालीच ठेवले आणि खरे नाव चौकटी कंसात दिले, कारण लेखभर त्यांचा उल्लेख तसाच होता. पण त्यांची शतपत्रे १८४८ पासून ज्या 'प्रभाकर' साप्ताहिकात आली, त्याचे संपादक भाऊ महाजन. त्यांचे खरे नाव गोविंद विठ्ठल कुंटे. मग 'म' की 'क'? की 'भाऊ' म्हणून 'भ'? आमच्या ग्रंथपालांना विचारले तर ते म्हणाले, "वाचक ज्या नावाने शोधणार, तिथे ठेवा. दुसऱ्या ठिकाणी 'पाहा' लिहा." इतके साधे होते. नोंद 'महाजन' खाली गेली आणि कुंटे यांच्या नावापुढे 'पाहा' आले.

एक कबुली राहिली. शतपत्रांतल्या एका उताऱ्याला मी 'प्रभाकर'च्या अंकाची तारीख दिली होती. तो अंक मी पाहिलेलाच नव्हता. उतारा नंतरच्या संपादित आवृत्तीतून घेतला होता आणि तारीख कुणाच्या तरी पुस्तकातून उचलली होती. आवृत्ती आणि तारीख शेजारीशेजारी ठेवली तर दोन्ही जुळेनात. असे आम्ही सगळेच करतो, आणि विद्यार्थ्याने केले की लाल पेन उचलतो. तारीख काढली, जी आवृत्ती हातात होती तीच दिली.

लेख स्वीकारला गेला. काही महिन्यांनी मुद्रिते आली, सोबत प्रश्नांची यादी. अकरावा प्रश्न असा : संदर्भसूचीत 'कुंटे' आहेत, पण लेखात त्यांचा हवाला कुठेच नाही, हवाला द्यावा किंवा नोंद काढावी. मी उत्तर लिहिले, "कुंटे आणि महाजन एकच. दोघांनाही राहू द्या."