सगळ्यांना समजणारा एक शब्द

मी भाषांतराचे काम करतो हे कळले की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: जगात कुठेही गेलो तरी समजेल असा एखादा शब्द आहे का? पूर्वी मी ‘ओके’ असे सांगून मोकळा होत असे. बॉस्टनच्या एका वृत्तपत्राने १८३९ साली ‘ऑल करेक्ट’ची आद्याक्षरे गमतीने चुकीची छापली आणि तो विनोद जगभर पोहोचला, एवढे त्यावर सांगता येते. पण तुम्ही विचारलेत म्हणून आता थोडे सविस्तर लिहितो.

विचारणारे पुष्कळदा स्वतःच ‘मामा’, ‘पापा’ सुचवतात. ओठ मिटून उघडले की तान्ह्या बाळाच्या तोंडून हे ध्वनी सहज निघतात आणि आईवडील ती हाक आपल्यासाठीच आहे असे समजतात, असे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोब्सन यांनी दाखवून दिले. मात्र जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे वडील, आणि आपल्याकडे आईचा भाऊ. ध्वनी तोच असला, तरी अर्थ जुळेलच याचा भरवसा नाही.

वस्तूबरोबर प्रवास केलेल्या शब्दांत माझा आवडता शब्द आहे साबण. अरबी आणि तुर्कीत तो ‘साबुन’च्या जवळपास ऐकू येतो, स्वाहिलीत ‘सबूनी’, तागालोगमध्ये ‘सबोन’, फ्रेंचमध्ये ‘सावों’. स्पॅनिशमधला ‘खाबोन’ही त्याच कुळातला, फक्त चेहरा बदललेला. या सर्वांमागे लॅटिनमधला ‘सापो’ आहे, आणि लॅटिननेही तो बहुधा उत्तरेकडच्या जर्मानिक भाषांकडून उचलला. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याने या ‘सापो’ची नोंद केली आहे, पण अंग धुण्यासाठी नव्हे, तर केस लालसर करण्यासाठी चरबी आणि राखेपासून केलेले मिश्रण म्हणून! असे शब्द नव्या घरी गेले की तिथले नियमही पाळू लागतात. अरबी ‘किताब’ स्वाहिलीत ‘किताबू’ झाला आणि त्यातला ‘कि’ हा आपलाच एकवचनी उपसर्ग आहे असे मानून त्या भाषेने अनेकवचन ‘विताबू’ केले. मराठीतला पदवीवाचक ‘किताब’ मात्र वेगळ्याच अरबी शब्दापासून, म्हणजे ‘खिताब’पासून आला आहे, अशा ठिकाणी भाषांतरकार हमखास फसतो.

तरीही हे सारे शब्द कुठे ना कुठे थांबतात. न थांबणारा शब्द मला एकच माहीत आहे, आणि त्याला शब्द म्हणायलाही अनेकांची तयारी नसते: नीट ऐकू आले नाही की आपण म्हणतो तो ‘अं?’. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकमेकींपासून दूरच्या एकूण ३१ भाषांत त्याचे रूप जवळपास सारखेच आढळले. तो एकीकडून दुसरीकडे गेलेला नाही. समोरच्याला कमीत कमी वेळात ‘पुन्हा सांगा’ असे कळवण्याची गरज सगळीकडे सारखी असल्यामुळे जागोजागी तोच आकार घडला, असे त्यांचे म्हणणे आहे. शिंकेसारखा तो आपोआपही येत नाही, मुले तो शिकतात. म्हणूनच आइसलँडिकमध्ये, जिथे प्रश्नांचा सूर खाली उतरतो, तिथे तोही खालच्या सुरात येतो.

संवादांचे भाषांतर करताना हा ‘अं?’ मी वर्षानुवर्षे अडगळ समजून गाळत आलो. आता तो जिथल्या तिथे ठेवतो. त्यापुरते तरी मूळ भाषेतले काहीच बदलावे लागत नाही.