रुंद टायर टाकायचे होते, काम निघालं शॉकअपचं – स्विफ्टचा माझा अनुभव

माझी गाडी 2013 ची स्विफ्ट व्हीएक्सआय, कंपनीचे टायर 165/80 आर14. गाडीबद्दल तक्रार एकच, घाटात वळणावर ती फार अंग टाकते. माझी सासुरवाडी बेळगावची त्यामुळे गोव्यातून घाटाने वर जाणारा साखळी-केरी-चोर्ला हा रस्ता आमचा नेहमीचाच, आणि पावसात अंजुणे धरणाच्या पुढे वळणं सुरू झाली की मागे बसलेल्या आईचा हात आपोआप वरच्या हँडलला जायचा. टायर झिजलेच होते, म्हटलं बदलायचेच आहेत तर जरा रुंद टाकूया.

टायरच्या दुकानात 205 (मिमी रुंदीचे) घ्या म्हणून मागे लागले होते. दिसायला भारी दिसतात हे खरंय. पण साइज निवडताना प्रत्येकाने आधी हिशोब घालावा असं मला मनापासून वाटतं, कारण तो अजिबात कठीण नाही. 165/80 म्हणजे रुंदी 165 मिमी आणि साइडवॉल तिच्या 80 टक्के म्हणजे 132, ती दोनदा धरायची, त्यात 14 इंची रिमचे 355.6 मिळवायचे, चाकाची पूर्ण उंची झाली साधारण 620 मिमी. मी निवडलेल्या 185/65 आर15 ला तेच केलं की येतात 621.5. म्हणजे फरक नाहीच जवळजवळ, स्पीडोमीटर बरोबर दाखवतो आणि वरच्या मडगार्डला जागा तेवढीच राहते. शिवाय हाच साइज कंपनी स्वतः वरच्या झेडएक्सआय मॉडेलला देते. लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो तो आकडा) जुन्यापेक्षा कमी नको हेही बघा, माझ्या नव्या टायरवर 88 आहे म्हणजे एका टायरला 560 किलो. 205 टाकून वर बाहेर आलेले अलॉय लावले की पूर्ण स्टिअरिंग कापताना मडगार्डच्या आतलं प्लास्टिकचं लायनर घासतं, चाकाच्या बेअरिंगवर जोर वाढतो आणि स्टिअरिंग खड्ड्यात हाताला झटके देतं. माझ्या चुलतभावाच्या गाडीत हे मी स्वतः अनुभवलंय त्यामुळे तो विषय तिथेच संपवला.

मग म्हापशाला आमच्या नेहमीच्या गॅरेजवर गेलो. मी टायरचं काढल्या काढल्या मेकॅनिक म्हणाले, "टायर मागीर, पयलीं शॉकअप पळोवया", म्हणजे टायर नंतर, आधी शॉकअप (गाडीची उसळी आवरणारे शॉक अॅब्सॉर्बर) बघूया. त्यांनी समजावलं ते मला फार पटलं. वळणावर गाडी झुकते ती टायर बारीक म्हणून नाही, झुकणं आवरतात स्प्रिंग, शॉकअप आणि बुश (जोडांमधली रबरं). रुंद टायरला ग्रिप जास्त, म्हणजे वळणात चाक रस्ता धरून ठेवणार आणि वरची बॉडी उलट आणखीच झुकणार. त्यात साइडवॉल 132 वरून 120 वर येते, म्हणजे खड्ड्याचा जो मार आधी रबर खायचं त्यातला काही थेट शॉकअपकडे जातो. आणि 15 इंची चाक टायरसकट सहसा जड असतं, ते खड्ड्यात एकदा उसळलं की त्याला आवरायचं काम पण शॉकअपचंच. थकलेल्या शॉकअपवर रुंद टायर टाकले तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते.

पुढचे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बसवलेला भाग) उतरवले तेव्हा एका बाजूच्या नळीवर तेल उतरलेलं आणि त्यावर आपली लाल माती बसून जाड थर झालेला. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून, दोन्ही बाजू थोड्या थोड्या आवळत (हे काम घरी करू नका, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतेल) त्यांनी स्प्रिंग वेगळी केली आणि जुना रॉड माझ्याकडे देऊन म्हणाले दाबा. हाताने सहज खाली गेला आणि तिथेच बसून राहिला. नवा गॅसचा शॉकअप दाबायला दोन्ही हातांचा जोर लागला, आणि सोडल्यावर रॉड सावकाश आपणहून वर आला. मला तरी यापेक्षा वेगळा पुरावा नको होता. आतला बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला की आपटू नये म्हणून असतो तो रबरी तुकडा) बोटाने दाबला तर भिजलेल्या बिस्किटासारखा सुटला, आणि वरचं माउंटिंग (स्ट्रट बॉडीला जोडतो तो भाग) हातात फिरवलं की कटकट लागत होती. म्हणजे पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना जो आवाज यायचा तो हा.

पुढचे दोन्ही बदलले, एकच बदलायचा नसतोच, जोडीनेच. मागचे दोन्ही पण घेतले कारण त्यांच्यावरही तेल उतरलेलं होतं, आणि सोबत माउंटिंग, बंप स्टॉप, डस्ट बूट (रॉडवरचं धूळ अडवणारं आवरण) आणि लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर लटकती असताना आवळले तर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं, हे त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. स्प्रिंग मात्र कंपनीच्याच ठेवल्या. कोणी कोणी कॉइलमध्ये रबरी बफर अडकवायला सांगतात, कोणी एखादा वेढा कापायला. मला दोन्ही पटत नाही. बफरने ते वेढे कामच करेनासे होतात आणि सगळा भार उरलेल्यांवर येतो, आणि कापलेली स्प्रिंग पूर्ण सुटल्यावर जागेवरून हलू शकते.

टायर त्यानंतरच बसवले. अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर ती फट भरणारी रिंग घ्या नाहीतर वेगात स्टिअरिंग थरथरतं. स्ट्रट निघाला म्हणजे अलाइनमेंट करायचीच, पुढचा कॅम्बर (चाक उभ्यात किती कललंय) आणि टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत) दोन्ही बघायला लावा, नुसता टो करून सोडतात बरेच जण. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा) असल्यामुळे तिथे अॅडजस्ट करण्यासारखं काही नसतं.

आता चोर्ल्याला गाडी बसून चालते. झुकणं राहिलं आहे पण एकदाच झुकते आणि स्थिर होते, आधी झुकायची, परत यायची, पुन्हा हलायची. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जायचं तेही कमी झालं. बारीक खड्डे मात्र आधीपेक्षा जाणवतात, स्टिअरिंग उभ्या गाडीत जरा जड आहे आणि मायलेज थोडं उतरलंय, हे तिन्ही धरूनच चला. आणखी एक, रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगायला लवकर लागतो, म्हणून आमच्या पावसात खाचा खोल असेपर्यंतच वापरायचे आणि हायवेला पाणी साचलेलं दिसलं की वेग आधीच उतरवायचा. स्टेपनी माझी 14 इंचीच आहे, उंची जुळते म्हणून पंक्चर झाल्यावर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं, पण अलॉयचे नट स्टीलच्या रिमला नीट बसतात का ते घरीच लावून बघा, बसत नसतील तर जुने नट डिकीत ठेवा.