तुम्ही विचारलंत म्हणून: एलआयसीचा शेअर घ्यावा का?

अमळनेरात राहतो, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच येतो. "भाऊ, एलआयसीना शेअर लेऊ का?" आणि लगेच पुढचा: विप्रोसारखं होईल का? १९४५ साली विप्रो आमच्याच गावात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. तिचे शेअर पिढ्यान्‌पिढ्या न विकता ठेवून श्रीमंत झालेली घरं इथे आहेत.

तसं होणार नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. विप्रो तेव्हा लहान होती. एलआयसी १९५६ साली २४५ विमा कंपन्या आणि संस्था एकत्र करून उभी राहिली, आज ती पन्नास लाख कोटींहून जास्त मालमत्ता सांभाळते. ती वाढेल, पण शंभरपट कुठून वाढणार?

परवा शेजारच्या मावशी कपाशीचे पैसे आल्यावर पॉलिसीचा बॉण्ड घेऊनच आल्या. दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, घड्यांवर विरलेला. "सरकारनी हमी शे ना?" आहे. एलआयसी कायद्याच्या कलम ३७ नुसार पॉलिसीच्या रकमेला आणि बोनसला केंद्र सरकारची हमी आहे. शेअरला ती नाही. नाव एकच असल्यामुळे लोक इथेच फसतात, आणि मला याचीच काळजी वाटते.

मे २०२२ मध्ये शेअर ९४९ रुपयांना पहिल्यांदा विक्रीला आला, पॉलिसीधारकांना ६० रुपये सूट. बाजारात पहिल्याच दिवशी तो त्या सवलतीच्या भावाखाली उघडला. मार्च २०२३ मध्ये साडेपाचशेच्याही खाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हजारापार. थांबू शकला तो तरला.

धंदा मला पटतो. हप्ते आज येतात, दावे बऱ्याच वर्षांनी द्यायचे, मधल्या काळात पैसा गुंतवून कमाई. बोनसवाल्या पॉलिसींच्या नफ्यात भागधारकांचा वाटा पूर्वी ५ टक्के होता, तो आता १० टक्के झालाय. बिनबोनसवाल्या पॉलिसींचा नफा तर सगळा भागधारकांचाच. पण खासगी कंपन्या गिऱ्हाईक ओढताहेत. शिवाय सरकारकडे ९६.५ टक्के शेअर आहेत आणि मे २०२७ पर्यंत १० टक्के तरी जनतेकडे जायला हवेत, असा सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम. एवढा माल बाजारात येणार म्हटल्यावर भावावर दाब राहतोच.

मावशींना विचारलं, हे पैसे कधी लागतील? म्हणाल्या, जूनमध्ये, बियाण्याला आणि खताला. मग यातला रुपयाही शेअरमध्ये घालू नका, म्हटलं. त्यांनी बॉण्डची घडी पुन्हा तशीच घातली.