चेनजियागोउमध्ये ताई ची शिकताना

नोकरीनिमित्त शांघायला होते तेव्हा घराजवळच्या बागेत रोज सकाळी चोवीस हालचालींचं ताई ची करायचे. हा संच चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली ताई चीच्या यांग शैलीवरून सर्वसामान्यांसाठी बेतला. शिकायला सोपा, बघायला सुंदर. पण ताई ची ही मुळात युद्धकला, आणि या संथ हालचालींत ती नेमकी कुठे आहे, ते मला समजून घ्यायचं होतं. म्हणून रजा साठवली आणि हनान प्रांतातलं चेनजियागोउ हे गाव गाठलं. झेंगझोऊपर्यंत रेल्वे, तिथून पीत नदी ओलांडून गाडीने.

सतराव्या शतकात चेन वांगतिंग यांनी ही कला इथे रचली, असं गावात मानतात. यांग शैलीचे यांग लूछान एकोणिसाव्या शतकात इथेच चेन छांगशिंग यांच्याकडे शिकले. म्हणजे माझ्या बागेतल्या संचाचं मूळही याच गावात.

सुरुवात झाली ती नुसतं उभं राहण्यापासून. याला झान झ्वांग म्हणतात. पाय खांद्याइतके रुंद, गुडघे जरासे वाकलेले, हात छातीसमोर गोलाकार. थोड्याच वेळात मांड्या थरथरायला लागतात आणि खांदे नकळत वर चढतात. आमचे लाओशी, म्हणजे शिक्षक, फार बोलत नसत. जवळ येऊन जांघेच्या घडीवर दोन बोटं टेकवायचे आणि किंचित दाबायचे. कंबर खाली बसली की गुडघ्यांवरचा ताण निघून भार सरळ तळव्यांत उतरायचा. अंग सैल सोडायचं म्हणजे ढिलं पडायचं नाही, हे मला त्या बोटांनी शिकवलं. डोक्यापासून तळव्यापर्यंतचा सांगाडा ताठ उभा असतो. फक्त ज्या स्नायूंची गरज नाही ते सुटतात.

मग छानसीजिन, म्हणजे रेशमाचा धागा उलगडल्यासारखी वळणदार हालचाल. कोशातून रेशमाचा धागा काढताना जोरात ओढला तर तुटतो, मध्येच थांबलं तर गुंततो, तसा हात फिरवायचा. फिरणं मात्र हातापासून सुरू होत नाही. पाय जमिनीला रेटतो, कंबर वळते, आणि ते वळण पाठीतून, खांद्यातून, कोपरातून बोटांपर्यंत पोचतं. लाओजिया यीलू हा जुना पहिला संच याच वळणावर उभा आहे. त्यात ‘वज्रपाल उखळ कांडतो’ ही हालचाल पुन्हा पुन्हा येते: उजवी मूठ डाव्या तळव्यात पडते, त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर आदळतो. दोन्ही आवाज एक झाले पाहिजेत. ते जुळेपर्यंत लाओशी पुढची हालचाल दाखवत नसत. मला ही शिस्त पटली.

खरं उत्तर मिळालं ते तुइशौमध्ये, म्हणजे जोडीने हात लावून करायच्या सरावात. मनगटाला मनगट टेकवायचं, आणि फंग (झेलणं), ल्यू (मागे ओढून घेणं), जी (रेटणं), आन (ढकलणं) या चार शक्ती आळीपाळीने वापरत गोल फिरायचं. स्पर्श सोडायचा नाही, तसंच ढकलायला आलेल्याला अडवायचंही नाही. माझ्यासोबत गावातल्या एक आजी असत, माझ्यापेक्षा ठेंगण्या. माझ्या कोपरात जरा ताठरपणा आला की त्यांना तो मनगटातूनच कळायचा. त्या तेवढंच टोक धरून कंबर वळवायच्या आणि माझे दोन्ही पाय जागचे हलायचे. ताकद वाया न घालवता समोरच्याचा जोर त्याच्याच तोलाविरुद्ध वळवणं, हीच ती युद्धकला. एकटीने कितीही सुंदर संच केला तरी कुठे अडतंय ते कळत नाही. दुसऱ्या माणसाचा हात ते लगेच दाखवतो. म्हणून तुइशौशिवाय शिकवलं जाणारं ताई ची मला अर्धवट वाटतं.

२०२० साली युनेस्कोने ताई चीला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, याचा गावात मोठा अभिमान आहे.

आता मी पुण्यात आहे. उभं राहणं आणि छानसीजिन एकटीने चालतं. तुइशौला माणूस लागतो, म्हणून धाकट्या भावाला शिकवायला घेतलंय. तो सगळं बळ लावून ढकलतो, आणि मला सध्या तेच हवंय.