थांबाचा बोर्ड नुसता असून चालत नाही, दिसावा लागतो – माझा अनुभव

आमच्या कॉलनीच्या पुढे जोडरस्ता स्टेट हायवेला मिळतो, तिथे थांबाचा बोर्ड आहे हे रोज तिथून जाणाऱ्या निम्म्या लोकांना माहितच नव्हतं. बोर्ड होता बरं का. खांब होता, वर अष्टकोनी पत्रा होता, सगळं कागदोपत्री ओके. पण त्याच्या पुढे शिरीषाची फांदी खाली लोंबलेली, बाजूला डीपीचा डबा, आणि खांबाला बारा महिने कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तारेने आवळलेला. लाल रंग उडून उडून फिकट गुलाबी झालेला, त्यावर बोअरवेलवाल्याचं आणि मूळव्याधीच्या खात्रीशीर इलाजाचं स्टिकर. बोर्डापेक्षा मूळव्याध लांबून वाचता यायची.

गावाचं नाव लिहीत नाही, ऊसपट्ट्यातलं मध्यम गाव समजा. म्हणजे गळीत हंगाम सुरू झाला की हायवेवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि आमच्या जोडरस्त्याने एमआयडीसीची शिफ्ट सुटून पोरं उतारावरून ४०-५० च्या स्पीडने खाली येतात. मागच्या हंगामात आमचा दूधवाला पहाटे दोन ट्रॉल्यांच्या मधल्या दांड्यावर जाऊन आदळला, जीव वाचला पण खांदा कायमचा गेला. त्याच्यानंतर कॉलनीच्या ग्रुपवर जे सुरू झालं ते नेहमीचंच, लोकांना शिस्त नाही, ड्रायव्हिंग येत नाही, लायसन कसं मिळतं ह्यांना वगैरे. आणि उपाय एकच, गतिरोधक टाका.

मला गतिरोधकाचं वावडं नाही, लहान रस्ता मोठ्याला मिळतो तिथे लहान रस्त्यावर तो चालतो सुद्धा. पण गावात जे टाकतात ते गतिरोधक नसतात, डांबराचा उरलेला ढीग असतो. इंडियन रोड काँग्रेसच्या नियमात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, गोलाकार पाहिजे, म्हणजे गाडी २५ च्या स्पीडने आरामात जाते. आमच्याकडे फूटभर रुंदीचा वरवंटा टाकतात आणि त्याच्यावर पट्टे नाहीत म्हणून रात्री तोच दिसत नाही. मग माझं म्हणणं होतं की आधी जे आहे ते दिसू दे.

सुरुवात केली पालिकेपासून. तेव्हा पालिकेवर प्रशासक होता, नगरसेवक सगळे माजी, त्यामुळे कोणाला धरायचं हाच प्रश्न. बांधकाम विभागात गेले तर म्हणाले हायवे आमचा नाही, पीडब्ल्यूडीकडे जा. पीडब्ल्यूडीच्या उपविभागात गेले तर तिथले साहेब म्हणाले मॅडम बोर्ड जोडरस्त्यावर आहे, जोडरस्ता पालिकेचा. ट्रॅफिकच्या हवालदारांना विचारलं तर ते बिचारे म्हणाले, ताई, आम्ही शिफारस देऊ, पण बोर्ड लावायला आमच्याकडे ना माणूस ना पैसा. फांदी तोडायची तर वृक्ष प्राधिकरण, आणि फ्लेक्स काढायचा तर अतिक्रमण विभाग. म्हणजे एका पत्र्यासाठी पाच टेबलं, आणि प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या जागी बरोबरच बोलत होता, हे जास्त वैताग आणणारं.

इथे एक गोष्ट कळली ती सांगते कारण बरेच जण इथेच अडकतात. थांबाचा बोर्ड नेहमी लहान रस्त्यावर लागतो, कारण थांबायचं लहान रस्त्यावरच्याने. म्हणून तो, त्याच्यापुढचा पांढरा थांबा पट्टा, आणि अलीकडचा सूचना देणारा बोर्ड हे तिन्ही पालिकेचं काम. हायवेवाल्याला पुढे बाजूचा रस्ता येतोय हे सांगणारा लाल कडेचा त्रिकोण मात्र पीडब्ल्यूडीचा. मी दोन वेगळे अर्ज केले, एकात दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. दोन्हीकडे आवक नंबर आणि शिक्का मारलेली पोच घेतली. पहिल्यांदा तोंडी बोलले होते त्याचं काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

पहिलं उत्तर आलं ते असं की हा ब्लॅकस्पॉट नाही, सबब प्राधान्य देता येत नाही. ब्लॅकस्पॉटची व्याख्या मी शोधून वाचली. साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमीचे पाच अपघात, नाहीतर तीन वर्षांत दहा मृत्यू. ही मुळात नॅशनल हायवेसाठीची व्याख्या, पण सगळीकडे तीच फेकून मारतात. आता गंमत बघा, आमच्या इथे धडक झाली की पहिलं काम दोन्ही पार्टी टपरीवर बसून मिटवतात. दवाखान्याचा खर्च तू दे, गाडीचं मी बघतो. पोलिसात नोंदच नाही, मग सरकारी आयरॅडमध्ये, म्हणजे अपघातांच्या ऑनलाईन नोंदींमध्ये, चढणार कुठून. दूधवाल्याची नोंद होती, बाकी टपरीवर मिटलेल्या. टपरीवाल्या मामांना विचारलं तर त्यांनी बोटांवर मोजून दाखवल्या, कोणाची कुठली गाडी ते पण सांगितलं. पण मामांच्या बोटांना आवक नंबर नसतो.

मग मी तो नाद सोडला आणि दिसण्याच्या मुद्द्यावर आले, कारण तो मोजता येतो आणि त्याला कोणी मरायची वाट बघावी लागत नाही. थांबायला किती अंतर लागतं याचं सिव्हिलवाल्यांचं कोष्टक आहे, ४० च्या स्पीडला ४५ मीटर, ५० ला ६०, ६० ला ८०. त्यात माणसाला कळून ब्रेक दाबेपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले असतात. म्हणजे उतारावरून येणाऱ्याला बोर्ड निदान ६० मीटरवरून दिसला पाहिजे, आणि उतार आहे म्हणजे खरं तर जास्तच. मुलाला टेप घेऊन बरोबर नेलं. आमच्या स्कुटीच्या सीटवरून बोर्डाचा पहिला कोपरा फांदीतून दिसायला लागला तो १८ मीटरवर. पूर्ण आठही कोपरे दिसले तेव्हा तर आम्ही जवळजवळ हायवेवरच.

दुसरं, रात्रीचे फोटो. हे कोणीही करू शकतं, मोबाईलचा फ्लॅश चालू ठेवून वीसेक पावलांवरून बोर्डाचा फोटो काढायचा. बोर्डावरची रिफ्लेक्टिव्ह शीट चांगली असेल तर फोटोत बोर्ड भगभगीत पांढरा-लाल उठतो, मेलेली असेल तर करड्या पत्र्यासारखा मख्ख. मी शेजारून जाणाऱ्या एका नव्या बसची नंबरप्लेट मुद्दाम फ्रेममध्ये घेतली, प्लेट चकाकतेय आणि बोर्ड ठार काळा. तो एक फोटो पाच पानी अर्जापेक्षा भारी पडला. तसं लाल रंगाचं रडगाणं जुनंच आहे म्हणा, अमेरिकेत १९५४ पर्यंत थांबाचे बोर्ड चक्क पिवळे असायचे, कारण टिकणारा, रात्री दिसणारा लाल रंगच मिळत नव्हता. आपल्याकडे आता मिळतो, फक्त स्वस्तातली शीट लावली तर दोन-तीन उन्हाळ्यांत विषय संपतो.

हे सगळं जोडून परत अर्ज दिला आणि त्याच्याबरोबर माहिती अधिकार टाकला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. तक्रार म्हणून काही लिहिलं नाही, साधे प्रश्न. ह्या जागेचा बोर्ड कधी लावला, शेवटची देखभाल कधी केली, शीट कुठल्या प्रकारची, मोजमाप पुस्तकातल्या (झालेल्या कामाची मापं लिहितात ते) नोंदीची प्रत द्या. खाली एक ओळ, मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ नुसार रस्त्याच्या सुरक्षेचे मापदंड पाळायची जबाबदारी कोणाकडे आहे ते कळवावे. हे कलम २०१९ च्या दुरुस्तीत आलं, मापदंड न पाळल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम किरकोळ आहे पण फाईलवर कोणाचं नाव लिहायचं हा प्रश्न उभा राहिला की हालचाल होते. उत्तर यायच्या आधी ज्युनिअर इंजिनिअरांचाच फोन आला, मॅडम साईटवर येऊ का.

हे जेई पोरगेलेसे, मला वाटलं आता उडवाउडवी ऐकायची. पण तो मुलगा खाली बसून रस्त्याकडे बघत होता, गाडीवाल्याच्या डोळ्याच्या उंचीवरून. म्हणाला, बोर्ड आहे त्या जागी कितीही नवा लावला तरी दिसणार नाही, डीपीच्या पुढे घ्यावा लागेल, आणि एक उजवीकडे पण लावू. डावीकडे टेम्पो उभा राहतो, तो काय आपण हलवू शकत नाही. मी वाचलेलं सांगितलं की अमेरिकेत साऊथ कॅरोलिनात हेच केलं, दोन्ही बाजूला मोठे बोर्ड, खांबाला रिफ्लेक्टिव्ह पट्टी, अलीकडे सूचनेचा बोर्ड, झाडी साफ, नीट थांबा पट्टा, तर मृत्यू आणि जखमींचे अपघात एकूण १० टक्के आणि ग्रामीण चौकांवर २७ टक्के कमी झाले. तो म्हणाला ते प्रिंट काढून द्या, एस्टिमेटला जोडतो, साहेबांना परदेशातलं आवडतं.

एस्टिमेट, मंजुरी, टेंडर ह्यात जो वेळ गेला त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गेला. फांदी मात्र लवकर उतरली, कारण वृक्ष प्राधिकरणाला झाड तोडायचं नव्हतं, फक्त छाटणी होती.

पट्टे मारायला माणसं रात्री आली. ते बघण्यासारखं असतं. ट्रॉलीवर भट्टी, त्यात थर्मोप्लास्टिकची पावडर साधारण दोनशे डिग्रीला वितळवतात, मग ढकलगाडीच्या खोक्यातून रस्त्यावर अडीच मिलिमीटरचा थर ओढतात आणि तो गरम असतानाच वरून काचेचे बारीक मणी टाकतात. हे मणीच हेडलाईटचा उजेड परत डोळ्यात फेकतात, नुसत्या ऑईलपेंटने काही होत नाही. आमच्या इथला पोरगा मणी टाकायला जरा उशीर करत होता, तोवर थर थिजायचा. मुकादमाने त्याला दोन शिव्या हासडल्या, मग जमलं. मी म्हणलं धूळ झाडली का आधी, तर मुकादम म्हणाले ताई तुम्ही घरी जा, झोपा आता.

बोर्ड दोन आठवड्यांनी लागले. दोन्ही बाजूला, खालची कड डोक्याच्या वर, खांबावर काळे-पांढरे पट्टे, शीट प्रिझमॅटिक, म्हणजे उजेड जास्त परत फेकणारी. बिलाबरोबर वॉरंटीचा कागद येतो त्याची झेरॉक्स जेईंकडून घेऊन ठेवलीय. परत टेपने मोजलं, आता उतारावर ७० मीटरवरून दोन्ही दिसतात आणि रात्री तर त्याच्याही आधी.

लोक थांबतात का? खरं सांगायचं तर पूर्ण थांबत नाहीत. पाय टेकवणारे कमीच. पण आधी सुसाट हायवेवर घुसायचे ते आता पट्ट्यापाशी येऊन स्लो होतात, उजवीकडे बघतात, मग घुसतात. मामा म्हणतात टपरीवरच्या मिटवामिटवी कमी झाल्या, चहाचा धंदा बसला.

फ्लेक्सचं दुखणं संपलेलं नाही. नवा बोर्ड लागला त्याच्या पुढच्याच आठवड्यात एका भावी नगरसेवकांचा हसरा चेहरा डाव्या खांबावर. मी त्यांच्या ऑफिसात जाऊन म्हणलं, दादा, तुमच्या फोटोमुळे बोर्ड झाकतो, उद्या कोणी गेलं तर फोटो तुमचाच असणार बातमीत. संध्याकाळच्या आत उतरला. मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे, मोटार वाहन कायद्याच्या ११६ मध्ये पण बोर्ड झाकणारी जाहिरात काढायची तरतूद आहे, पण ते सगळं सांगायची वेळ आली नाही.

पलीकडच्या कॉलनीवाल्यांनी अर्जाची कॉपी मागितली, दिली. त्यांना एवढंच सांगितलं की माझी मोजमापं तशीच छापू नका, तुमच्याकडे उतार नाही, वळण आहे, टेप घेऊन स्वतः जा. पीडब्ल्यूडीचा तो त्रिकोण मात्र अजून आलेला नाही. मार्चएंडला बसवतो म्हणालेत, कुठल्या वर्षाचा मार्च ते विचारायला परत जाणार आहे.