आज खडकवासल्याला भेटलेल्या सायकली

आज सकाळी खडकवासल्याला चहाला थांबलो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलीच बघत बसलो. आमच्या लहानपणी पुण्यात सायकल म्हणजे वडिलांना कंपनीत पोचवणारी काळी गाडी. डायनॅमोचा दिवा, मागे कॅरिअर, त्याला डबा. हौस म्हणून सिंहगडावर सायकल काढणारे थोडेच, आणि स्कूटर आल्यावर तेही कमी झाले.

आज काय नव्हतं! कार्बन फ्रेमवाले, फॅट टायरवाली पोरं, सलवार-कमीजवर हेल्मेट घातलेल्या साठीच्या काकू, टँडेमवर, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या सायकलवर, बाप-लेक. एका तरुणीच्या पाठीवर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि हातात ब्रेव्हे कार्ड, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायच्या राइडचं नोंदपत्र. २०० किलोमीटर, साडेतेरा तासांची मुदत, वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या थांब्यावर, नोंद. पहिला येणारा आणि शेवटचा येणारा दोघंही सारखेच 'पूर्ण', हे मला या प्रकारात फार आवडतं. रात्री निघालेली ती, तरी बोलताना डोळे लकाकत होते.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून घरच्यांनाही हे वेड जरा पटायला लागलं असावं. आषाढीला सायकलवरून पंढरपूरला जाणारेही आता कितीतरी.

फक्त दूधवाले आणि कामावर निघालेले सायकलस्वार कडेकडेने जात होते, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. रस्ता आधी त्यांचा आहे. ग्रुप राइडला दोन-दोनच्या ओळीत चालवताना त्यांना जागा द्या, मंडळी.