एकच तार, दोन झाडे

खांब कमी पडले म्हणून अण्णांनी दहा-बारा वर्षांपूर्वी कुंपणाची जस्ती तार एका हापूस कलमाला आणि शेजारच्या माडाला वेढे देऊन ताणून घेतली होती. कृषी सहायक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातील त्या बागेत माझे अनेकदा जाणे झाले. पण तुडतुडा, भुरी आणि अनुदानाचे अर्ज यांत वेळ सरतो आणि आमच्या पाहणीच्या तक्त्यात कीड व रोग यांना रकाने असले, तरी तारेला रकाना नाही.

गेल्या वर्षी डिसेंबरात ते कलम मोहोराने असे लगडले होते की, कल्टार हे मोहोर आणणारे संजीवक न घालता एवढा मोहोर आल्याबद्दल मी अण्णांची पाठ थोपटली आणि कुंपणाच्या बाजूला न जाताच परतलो. यंदा ऑगस्टमध्ये त्यांनी बोलावले, तेव्हा शेंड्याकडच्या फांद्या वाळत होत्या आणि नवी पालवी नव्हती. "कुठले औषध मारू?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, बागायतदारांचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो.

गुडघ्याच्या उंचीवर साल तारेवरून ओघळल्यासारखी फुगली होती आणि तार आत गडप झाली होती. आंब्यासारख्या द्विबीजपत्री झाडात सालीच्या आतल्या अंगाला पानांत तयार झालेली साखर मुळांकडे नेणाऱ्या रसवाहिन्या असतात, त्यांच्या आत कँबियमचा पातळ थर आणि त्याच्याही आत पाणी वर चढवणारे जलवाहिन्यांचे लाकूड असते. कँबियम आत लाकूड आणि बाहेर साल वाढवत राहतो, त्यामुळे खोड जाड होते आणि न सैलावणारी तार रसवाहिन्या आवळत जाते. पाणी मात्र आतून चढत राहते, म्हणून पाने हिरवी दिसतात. अडलेली साखर वर साठते, झाड मोहोराने भरते आणि खाली मुळे उपाशी पडतात. मी कौतुक केले होते ते याच मोहोराचे.

माडावरची तार मी एका बोटाने फिरवली. एकबीजपत्री माडाला कँबियम नसतो. त्याच्या वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात आणि बुंधा एकदा तयार झाला की जवळजवळ तेवढाच राहतो. अर्थात याच कारणाने चढण्यासाठी पाडलेल्या खाचाही त्याच्या अंगावर जन्मभर तशाच राहतात.

तार ओढून काढण्याचा अण्णांचा आग्रह मी मानला नाही, कारण तिच्याबरोबर उरलीसुरली सालही निघाली असती. दिसेल तिथे ती फक्त तोडली. मग बुंध्याभोवती रायवळाची पाच रोपे लावली, प्रत्येकाचा वरचा भाग तिरपा तासून फुगवट्याच्या वर सालीत केलेल्या खाचेत कँबियमला कँबियम भिडेल असा बसवला, बारीक खिळ्याने पक्का केला आणि सांधा मेणाने बंद केला. भेट कलमाचीच ही पद्धत आहे, फक्त इथे रोपांची मुळे म्हाताऱ्या झाडाच्या कामी लावायची असतात. जाड, जुन्या सालीत हा सांधा जुळवणे फार किचकट असते आणि आमच्याकडच्या प्रशिक्षणांत त्याला अर्धा तासही मिळत नाही.

पाचांपैकी तीन रोपे वाळली आणि दोन जुळली. ऑक्टोबर अखेरीस खालच्या एका फांदीला तांबूस पालवी फुटली आहे. ती त्या दोन रोपांच्या मुळांवर आली की खोडात उरलेल्या साठ्यावर, हे बाहेरून पाहून मला सांगता येत नाही. अण्णांनी कुंपण पुन्हा बांधले आहे आणि तारेचे टोक, मला विचारून, माडालाच अडकवले आहे.